भरल्या गाडीची चीर

१

बहाद्दरबाईचं खरं नाव आठवायला तिच्या लेकीलासुद्धा क्षणभर थांबावं लागे, इतकं ते टोपणनाव तिच्या अंगाला चिकटलं होतं. त्याची गोष्ट अशी. नवऱ्याच्या मागे तिनं टायरचं दुकान हातात घेतलं, तेव्हा माल घेऊन आलेल्या कारकुनानं पावतीवर सही मागितली. बाईनं अंगठा पुढे केला. तो दात काढून म्हणाला, "अरे वा, अंगठाबहाद्दर!"

बाई शाई पुसत म्हणाली, "हो ना. आणि तुझ्या साहेबाची गाडी रस्त्यावर जायची का दारात राहायची, तेही हाच अंगठा ठरवतो. जाऊन विचार त्याला."

कारकून गेला, नाव राहिलं. बाईनं ते दागिन्यासारखं मिरवलं.

अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही, पण आकड्यांशी सख्ख्या बहिणीसारखं सूत. रोज सकाळी दुकान उघडलं, की पहिल्या गाडीपाशी ती उकिडवी बसे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, ते वाची. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे टायर जन्मला कधी ते कळलं. मग अंगठ्यानं बाजू दाबायची, रबर ताणून चीर उघडायची आणि नख आत घालायचं. केसासारख्या चिरा वर-वर असल्या तर चालतं. नख अडकलं तर सावध. नखाला आतला धागा लागला, तर मालक कितीही रडो, टायर खाली.

"अहो, नक्षी बघा की, कोरी करकरीत आहे," असं म्हणणारा रोज एक तरी भेटे.

"नक्षी काय चाटायचीय? म्हाताऱ्यानं केस काळे केले म्हणून गुडघे तरुण होतात का?" बाई म्हणे. "चीर सगळ्यांना पडते. मलाही पडली. खोल किती गेली ते बघायचं."

मग खडू निघे. गोल म्हणजे जा. फुली म्हणजे काढा. एकतीस वर्षांत तिनं गोल घातलेला एकही टायर रस्त्यात फुटला नव्हता. लोक आपल्या मुलाबाळांना गाडीत बसवण्याआधी तो गोल बघून घेत. एवढ्या मोठ्या रस्त्यावर एवढा शब्द दुसऱ्या कुणाचा चालत नव्हता, आणि हे बाईला चांगलं ठाऊक होतं.

२

लेकीला चार महिन्यांचं बाळ. जावयाला लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्याची नोकरी लागली. दोन दिवसांचा रस्ता, मध्ये मोठा घाट. सामान पुढे गेलेलं, इथलं घर सोडायचं ठरलेलं, बुधवारी हजर व्हायचं. आणि जायचं कशानं, तर जावयाच्या मामानं दिलेल्या गाडीनं.

मामा विधुर, एकटा राहणारा. हौसेनं गाडी घेतली, थोडी चालवली आणि शेडमध्ये कापड घालून ठेवून दिली. अकरा वर्षं. आता तो मुलाकडे परदेशी निघाला, तर म्हणाला, भाच्या, तूच ने. जावयानं ती दुसऱ्या गाडीवर लादून आणली आणि घरामागच्या शेडमध्ये उभी केली. कागद नावावर व्हायचे होते, तोवर गाडी हलवायची नाही असं ठरलं.

"आई, गाडी नवीनच समजा," जावई म्हणाला. "मामा म्हणतो, कधी भरलीच नाही. तो एकटाच बसायचा."

"बघू दे की मला. यात मामा एकटा बसणार नाही, माझ्या लेकीला तुम्ही नेताय."

"झालं! आता माझी परीक्षा," जावई हसला. माणूस वाईट नव्हता, फक्त सासूच्या अंगठ्याची त्याला गंमत वाटे.

शेड लांबट होतं. पत्र्याचं छप्पर, वर एक जाळीची खिडकी, सिमेंटची सपाट जमीन. जुन्या तेलाचा आणि बंद खोलीचा वास. बाई पहिल्या टायरपाशी बसली. आकडे वाचले. बारा वर्षांचा टायर. नख घातलं, धागा लागला. फुली. दुसरा, तिसरा, चौथा. चारही फुल्या. यात नवल काहीच नव्हतं.

नवल वेगळंच होतं. उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर जमिनीपाशी चिरतो, जिथं ओझं बसतं तिथं. उन्हानं खाल्लेला टायर उन्हाच्या बाजूनं चिरतो. या टायरांना मात्र बाजूच्या मधोमध, सगळ्या गोलावर, एकापाठोपाठ एक खोल चिरा होत्या. अशी चीर बाईनं शेकडो वेळा बघितली होती, पण ती सवारी वाहणाऱ्या गाड्यांना. रोज खचाखच माणसं भरून, वर्षानुवर्षं पळणाऱ्या गाड्यांना.

"कधी भरली नाही म्हणे," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चारही नवे घ्या."

३

टायर तिनं स्वतः निवडले. आकडे वाचून, दोन महिन्यांपूर्वी जन्मलेले. तिच्या दुकानात वीस वर्षं काम करणाऱ्या मिस्त्रीनं चाकं काढली, बाईनं स्वतः व्हॅन चालवत ती दुकानात नेली, आणि टायर चढवून झाल्यावर त्यानं शेडमध्येच चाकं परत बसवली. गाडी वीतभरही पुढे-मागे झाली नाही. बाईनं हवा मोजली, चार गोल घातले आणि समाधानानं कंबर सरळ केली.

आठ दिवसांनी ती बाळाला बघायला गेली होती. लेक म्हणाली, "आई, शेडमधून ती निळी पिशवी आणतेस?"

पिशवी घेताना तिचा हात सवयीनं टायरवर गेला. माणूस जाता-जाता नातवाच्या डोक्यावरून हात फिरवतो तसा. आणि हात थांबला.

नख आत गेलं होतं.

ती खाली बसली. नव्या टायरवर रबराच्या बारीक मिशा असतात, दोन-चार मैल पळाला की झिजून जातात. या टायरच्या मिशा जशाच्या तशा होत्या. म्हणजे टायर पळालेला नाही. आणि बाजूला, त्या ताठ मिशांच्या खाली, सगळ्या गोलावर चिरा. तिच्या स्वतःच्या खडूचा गोल मधोमध तडकला होता.

चारही टायर तसेच.

तिला आधी वाटली ती भीती नव्हती. अपमान होता. एकतीस वर्षांत तिच्या गोलावर कुणी अशी रेघ ओढली नव्हती.

४

बाई काही भोळसट नव्हती. तिनं एकेक कारण हातात घेतलं आणि टायरसारखंच दाबून बघितलं.

माल खराब? त्याच गठ्ठ्यातले दोन टायर दुकानात पडले होते. नीट बघितले, गुळगुळीत. शेडमध्ये कसली वाफ, कसलं औषध? तिनं कोपरे हुंगले, भिंती चाचपल्या. शेडमधल्या सायकलचे टायर जावयाच्या लग्नाच्या आधीचे, ते ठणठणीत. कुणी मुद्दाम कापलं? सुरीची रेघ सरळ असते. ही चीर रबर पुन्हा पुन्हा वाकून आलेली. मग आपलेच डोळे? सदुसष्ट वर्षं झाली, फसवत असतील. तिनं मिस्त्रीला बोलावलं, काही न सांगता बघायला लावलं.

मिस्त्रीनं चारही टायर नखानं तपासले. मग म्हणाला, "बाई, हे जुने परत कुणी चढवले?"

"नवेच आहेत. मिशा बघ."

मिस्त्रीनं मिशा बघितल्या आणि हात पँटला पुसले, काही चिकटल्यासारखे.

जावयाला सांगितल्यावर तो मात्र उखडला. "आई, आधी जुन्यावर फुली. मग तुम्हीच निवडले, तुम्हीच गोल घातले, आता त्यावरही फुली? आम्ही काय खांद्यावर बाळ घेऊन घाट चढायचा?"

"टायर फसवे निघाले. बदलून देते."

"आणि तेही फसवे निघाले तर?" तो थोडा नरमला, पण बोलायचं ते बोललाच. "राग मानू नका, पण अंगठ्यालाही वय होतंच ना."

लेक म्हणाली, "अहो!" पण आईकडे बघताना तिच्याही डोळ्यांत तीच शंका होती. बाईला ती दिसली. जावयाचं बोलणं तिनं कधीच गिळलं असतं, लेकीचं ते बघणं मात्र गिळवेना. रविवारी दुपारी ही माणसं निघणार, काहीही झालं तरी. तिनं गोल घालावा तर खोटा ठरतो. फुली मारावी तर म्हातारी भ्रमिष्ट. आणि घाटात टायर फुटला तर या दोन्ही गोष्टींना अर्थ राहत नाही.

५

रविवारी सकाळी ती व्हॅनमधून आणि मिस्त्री स्कूटरवरून शेडवर आले, दुसऱ्या कारखान्याचे चार टायर घेऊन. जावई-लेक शेजारच्यांचा निरोप घ्यायला गेले होते.

मिस्त्रीनं जॅक लावला. दांडा दाबताना त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. "डिकीत काय दगड भरलेत?"

बाईनं डिकी उघडली. स्टेपनी आणि एक फडकं. बाकी काही नाही.

एकेक चाक उतरलं, टायर बदलून बसलं. शेवटचा जॅक सोडला तेव्हा मिस्त्री जरा मागे सरला. "बाई, मी दुकानातून व्हॉल्व्हच्या टोप्या घेऊन येतो."

"टोप्या माझ्या खिशात आहेत."

"मग... मी त्या नसलेल्या घेऊन येतो," असं म्हणून तो स्कूटरला किक मारून गेलाच. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं काम अर्धं सोडलं. बाई रागावली नाही.

अकरा वाजले होते. जाळीतून ऊन जमिनीवर पडलं होतं, बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. सगळं रोजच्यासारखं. बाईनं हवा मोजली. चारही टायरांत बरोबर. मग ती शेडच्या दारात जाऊन उभी राहिली आणि गाडीकडे लांबून बघितलं. इतके दिवस ती जवळून बघत होती, तिथंच चुकलं होतं.

माणूस गाडीत बसला की टायरचं पोट खाली फुगतं. फार नाही, बोटभर. सामान्य माणसाला दिसत नाही. बाईला आयुष्यभर तेच दिसत आलेलं. रस्त्यानं जाणाऱ्या बंद काचेच्या गाडीत किती जण बसलेत, कोण जाडा, कोण बारीक, ती पोटावरून सांगे आणि मिस्त्रीशी पैज जिंके.

गाडी रिकामी होती. काचांतून पलीकडची भिंत दिसत होती. हवा पुरेपूर होती. आणि चारही टायरांची पोटं खाली बसली होती.

तिनं नको-नको म्हणता मोजलं. मागे डावीकडे एक, भारदस्त. मागे उजवीकडे एक, हलकं, बाईमाणूस असावं. पुढे डावीकडे एक. आणि चौथा, चालवायच्या जागेवर.

कुठंतरी रबर हळूच कुरकुरलं. बसून-बसून कुणी मांडी बदलावी तसं मागचं डावं पोट जरा वर आलं, पुन्हा बसलं.

६

पळावं असं तिच्या पायांना वाटलं. तिनं पायांना विचारलं नाही.

सदुसष्ट वर्षांची बाई रिकाम्या गाडीशी बोलतेय, हे कुणी बघितलं असतं तर दुकानाला टाळंच लागलं असतं. पण दाराशी आलेल्या कुठल्याही गाडीपुढे ती कधी मान खाली घालून उभी राहिली नव्हती. तिनं चारही दारं एकामागून एक सताड उघडली आणि कमरेवर हात ठेवला.

"उतरा."

काही हललं नाही.

"ही गाडी माझ्या पोरीची आहे. हातात बाळ आहे तिच्या. हे टायर त्यांच्यासाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत. उतरा म्हणते ना."

बाहेरची सतरंजी झटकायची थांबली होती. बाईनं ओठ चावला. मग तिच्या ध्यानात आलं. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीतली सवारीसुद्धा अशीच बसून राहते. समोर दुसरी गाडी उभी राहिल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. उतरून जायचं कुठं?

ती बाहेर गेली. आपली जुनी व्हॅन सुरू करून, मागे घेत घेत शेडच्या तोंडाशी आडवी लावली, आणि सरकतं दार उघडलं. आत बाकडं, त्यावर पाने, दोऱ्या, एक जुनी उशी. तिनं सगळं बाजूला सारून जागा केली. उशी हातानं झटकली.

"या. बसायला ऐसपैस आहे."

आधी मागचं डावं पोट उचललं गेलं. एका दमात, बोटभर. दारातून काहीच आलं नाही. फक्त उन्हाच्या चौकटीत धूळ मधेच दुभंगली आणि पुन्हा मिळाली. मग व्हॅनची स्प्रिंग दबली. कुईं.

मग उजवं. कुईं. मग पुढचं.

बाईनं कपाळावरचा घाम पुसला. तिनं खडू काढला, मोकळ्या झालेल्या तीन टायरांवर तीन गोल घातले. असे वाटोळे, की परकारानं काढावेत.

चौथा मात्र बसूनच होता.

७

ती व्हॅनमध्ये जाऊन आपल्या जागेवर बसली. खिडकीची काच खाली केली, कोपर बाहेर टाकलं. तिथून मामाच्या गाडीचं पुढचं चाक सरळ दिसत होतं.

"मला घाई नाही," ती म्हणाली. पाठीमागे बाकड्यावर कुणी बोलत नव्हतं, पण गप्प बसलेल्या माणसांची असते तशी शांतता होती.

बऱ्याच वेळानं चाकाचं पोट वर आलं.

व्हॅन मात्र मागे दबली नाही. ती बाईच्या बाजूला कलली. तिच्या दाराखालच्या पायरीवर कुणीतरी पाय ठेवला होता. खिडकीतून येणारा वारा थांबला. आणि बाईला कळलं, याला मागे बसायचं नाही. याला ही जागा हवी.

"स्टिअरिंग माझं आहे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा भक्कम निघाला. "दुसऱ्या कुणाच्या हातात मी ते कधी दिलं नाही. नवऱ्यालाही नाही."

खिडकीवर ठेवलेल्या हाताच्या मनगटावर तिला गार लागलं. तिनं खाली बघितलं. उतारवयानं भेगाळलेली ती कातडी एका जागी खोल दबली होती. अंगठ्याएवढी. वर काही नव्हतं. खळगा हळूहळू पुढे सरकला, कातडी ताणली गेली, बारीक भेगा उघडल्या. आणि एका भेगेत काहीतरी टोकदार, पातळ, अगदी जपून आत जाऊन थांबलं. खोल किती ते बघत.

तिला कळलं, काय चाललंय. तिच्याहून जास्त हे कुणाला कळणार? मालक लोक अशा वेळी कसे अंग चोरतात, लाडीगोडी लावतात, हे तिनं जन्मभर बघितलेलं. तिनं अंग चोरलं नाही. हात आणखी पुढे केला.

"बघ," ती म्हणाली. "नीट दाबून बघ. वरवरच्या आहेत. धागा लागायचा नाही तुला."

किती वेळ गेला देव जाणे. मग कातडी सुटली. खळगा भरत भरत आला. व्हॅन सरळ झाली, आणि मागच्या चाकांवर, सावकाश, शेवटचं ओझं बसलं.

तेवढ्यात लेक आणि जावई आले. बाळ लेकीच्या खांद्यावर झोपलेलं. जावई चारही चाकं फिरून बघून आला, आज त्याच्या तोंडावर गंमत नव्हती.

"आई, तीनच गोल आहेत. चौथा राहिला."

बाईनं खडू खिडकीतून बाहेर धरला. "तुम्ही घाला."

"मी?" तो बघत राहिला. एकतीस वर्षांत तो खडू दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता, हे त्यालाही माहीत होतं.

"टायर चोख आहे. माझ्या शब्दावर घाला."

जावई उकिडवा बसला. आधी त्यानं टायरच्या बाजूवर अंगठा दाबला, सासू दाबते तसा. मग गोल घातला. वाकडातिकडा आला, पण मन लावून घातलेला.

लेक व्हॅनपाशी आली. "आई, खाली उतर ना. बाळाला जवळ घे एकदा."

बाईनं बाळाकडे बघितलं. हात उचलला आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. ती उतरली, तर मागचेही उतरतील.

"नको गं. झोपलंय, झोपू दे. आणि माझ्याकडे सवारी बसलीय."

लेकीनं तिच्या खांद्यावरून मागच्या बाकड्याकडे बघितलं. पाने, दोऱ्या, उशी. मधोमध दबलेल्या उशीवर तिची नजर थांबली. मग तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं, आणि या खेपेला तिच्या डोळ्यांत शंका नव्हती. दुसरंच काहीतरी होतं. तिनं बाळाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"तू... येशील ना नीट घरी?"

"तुझ्या आईला गाडी चालवायला शिकवतेस? जा. घाटात घाई करू नका म्हणावं त्यांना."

बाईनं व्हॅन पुढे घेऊन वाट मोकळी केली. मामाची गाडी शेडमधून बाहेर आली, गल्लीतल्या उंचवट्यावरून गेली. दोन माणसांचं आणि एका बाळाचं ओझं. चारही पोटं जेवढी हवीत तेवढीच, काडीभर जास्त नाही. बाईची छाती अभिमानानं अशी भरून आली, की क्षणभर पाठीमागे कोण बसलंय याचाही तिला विसर पडला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली.

मग तिनं आरसा हातानं वर फिरवला, छताकडे, मागचं बाकडं दिसू नये असा.

"निघायचं?" तिनं विचारलं.

उत्तर येईपर्यंत ती थांबली. मग गिअर टाकला.